तिसरा सुटतो

दगडोबाचं वर्षश्राद्ध उरकलं, पाव्हणे वाटेला लागले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भागवतनं शेडचं दार उघडून बापाच्या लाल गाडीवरची ताडपत्री ओढून काढली. धुळीचा लोट उठला, दोन पाली पळाल्या, आणि एक कोंबडी ड्रायव्हरच्या सीटवरनं उठून, फुगून, तरातरा बाहेर गेली. ही कोंबडी हरवली म्हणून गोजरबाईनं शेजारच्या घराला महिनाभर बोल लावला होता.

"आई, कोंबडी सापडली," भागवत म्हणाला.

"मंग आता तीबी इक," गोजरबाई बाजेवरनं म्हणाली. "डॉक्टरला म्हणावं, गाडीसंगं कोंबडी फुकट."

भागवत गप्प बसला. गोजरबाईशी वाद घालायचा नाही, आपलं काम करत राहायचं, हे तो बापाकडनं शिकला होता. फरक इतकाच की बाप हसत गप्प बसायचा आणि हा नुसताच गप्प बसायचा.

ठरलं होतं ते असं. हळद निघाली होती. वावरात ढीग लागले होते, शिजवायचा ड्रम आणि पॉलिशचा ढोल ठेवायला जागा नव्हती, आणि शेड गाडीनं अडवलेलं. वाशिमच्या एका डॉक्टरला जुन्या गाड्यांचा नाद होता. भागवतनं मोबाईलवर फोटो धाडला, डॉक्टरनं तिथल्या तिथं घेतो म्हणून सांगितलं. अट एकच घातली, चालवून बघणार, आणि गेर ढिला असला तर नको. आता गेर ढिला होता हे तर कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यातल्या पोरांनासुद्धा ठाऊक होतं. म्हणून भागवतनं नाक्यावरच्या सादिक मिस्त्रीला बोलावणं धाडलं होतं. डॉक्टर दुपारच्या चहाला येणार होता, त्याच्या आत गेर घट्ट करायचा होता.

आदल्या रात्री थोरली लेक शालू आईच्या बाजूनं होती. बापूची आठवण बाजारात मांडता का, असं भावाला फाडफाड बोलली होती. सकाळी भागवत तिला म्हणाला, मग घेऊन जा तुझ्या घरी, अंगणात ठेव. शालूनं गाडीकडं बघितलं, कोंबडीनं सीटवर जे काही ठेवलं होतं त्याच्याकडं बघितलं, आणि म्हणाली की तसं बघायला गेलं तर वस्तू कोणाच्या तरी कामाला यावी हेच बरं. झालं. गोजरबाईच्या पक्षात आता गोजरबाई एकटीच उरली.

सून राजनंदिनी चहा घेऊन आली. कप देताना हळूच म्हणाली, "आत्या, ठेवावी वाटून राहिली का तुमाला गाडी?"

साऱ्या घरात हे विचारणारी ती एकटी. पण गोजरबाई तरी खरं कशाला सांगते. म्हणाली, "मला काय करायची बाई. मला चालवता येती का?"

चालवता येत नव्हती हे खरंच. पण गोजरबाईला गाडी चालवायची नव्हतीच कधी. तिला हवी होती डाव्या हाताची सीट, आणि हवा होता तो ढिला गेर.

ही गाडी घरात आली कशी, याच्या गावात तीन हकिगती होत्या. पहिली अशी की हैदराबादच्या कुण्या नवाबाचा नातू नाक्यावर वाट चुकला, दगडोबानं त्याला बेसन-भाकर खाऊ घातली, आणि तो पोरगा त्या चवीवर असा खुळावला की चावी ताटात ठेवून पायी गेला. दुसरी अशी की पूर्णेला पूर आला तेव्हा गाडी वाहत वाहत सिद्धेश्वर धरणाच्या दाराशी अडकली, आणि कोळ्यांनी जाळं टाकून ओढली. तिसरी अशी की नांदेडच्या एका ठेकेदारानं जुन्या ट्रॅक्टरच्या बदल्यात दिली. तिसरी खरी होती, म्हणून ती कोणी सांगत नसे. पहिल्या दोन गोजरबाईनं पसरवल्या होत्या.

गाडी होती दोन सीटांची. वर टप नाही, मागं जागा नाही, आणि रंग असा लाल की पहिल्या दिवशी पाटलाचा बैल तिला बघून जो सुटला तो थेट वाशिमच्या बाजारात जाऊन उभा राहिला. दगडोबा खूश. पण दगडोबाची आई भिकाबाई तेव्हा हयात होती, आणि भिकाबाईच्या घरात बैलगाडीतसुद्धा सून मागं बसायची, तोंड मागच्या रस्त्याकडं करून. या गाडीला तर मागचं अंगच नव्हतं. म्हणजे सुनेनं नवऱ्याच्या बाजूला, मांडीला मांडी लावून, उघड्या डोक्याच्या गाडीतनं चारचौघांत फिरायचं? भिकाबाई म्हणाली, माझ्या तेराव्यानंतर बसा. पहिलं वर्षभर गोजरबाईनं ती गाडी दाराच्या फटीतनं बघितली.

मग गेर बिघडला. तिसरा टाकला की दांडा आपोआप मधल्या जागी यायचा. दगडोबानं लांब तोंड करून आईला सांगितलं, तिसरा सुटतो, कोणीतरी बाजूला बसून धरायला पाहिजे. लेकरं लहान आहेत, गड्याला गाडी लागते, तर आई, तूच चल.

भिकाबाई बसली. त्या फेरीची हकिगत गावात अजून सांगतात. दोन्ही हातांनी दांडा धरलेला, डोळे मिटलेले, तोंडानं औंढ्याच्या नागनाथापासनं नरसीच्या नामदेवापर्यंत सगळ्यांचा धावा. हिंगोलीच्या अलीकडच्या वळणावर तिच्या नाकातली नथ उडाली, ती पुढच्या साली एका कापसाच्या बोंडात सापडली. घरी आल्यावर म्हातारीनं तांब्याभर पाणी एका दमात पिलं आणि हुकूम सोडला, "उद्यापासनं गोजर बसंल. हे सुनेचं काम हाय."

अशा रीतीनं नवऱ्याच्या शेजारी बसणं हे शेण काढणं, दळण नेणं या कामांच्या रांगेत जाऊन बसलं, आणि मग त्याला कोणीच नाव ठेवलं नाही.

डाव्या सीटवर बसायचं आणि उजवा हात दांड्याच्या गोल मुठीवर ठेवायचा. तिसरा पडला की दाबून धरायचा. चौथा टाकायची वेळ आली की हात काढायला सवड नसायची, म्हणून दगडोबा तिच्या हातावरच हात ठेवून टाकायचा. त्याचा हात भाकरीच्या परातीएवढा, खरबरीत, मिरगातल्या ढेकळासारखा गरम. चारचौघांत नवऱ्यानं बायकोचा हात धरायची सोय आपल्याकडं कुठं आहे. पण गेर टाकायला कोण नको म्हणतं?

"सुटला बघा," ती म्हणायची.

"धर," तो म्हणायचा.

हिंगोलीच्या बाजाराला जाताना एवढंच बोलणं. नरसीला जाताना एवढंच. संध्याकाळी खताचं निमित्त काढून सिद्धेश्वरच्या धरणापर्यंत जायचे, पाण्यावरचे पांढरे बगळे बघायचे, येताना परत तेवढंच. उभ्या संसारात त्या दोघांनी दुसरं काही फारसं बोलल्याचं कोणाच्या ऐकण्यात नाही.

दगडोबा गेल्यापासनं गाडी जागची हलली नव्हती. पण भाकरीला पिठाचा गोळा हातात घेतला की गोजरबाईचा तळहात अजून आपोआप गोल व्हायचा आणि थोडा वेळ तसाच राहायचा. वरनं दुसरा हात काही येत नसे. मग ती भाकरी थापायची.

म्हणून गाडी विकण्याचं तिला इतकं नव्हतं, जितकं गेर नीट करण्याचं होतं. त्या ढिलाईतच तर तिचा हात मावत होता. एकदा, फक्त एकदा, आहे तशा गेरवर हात ठेवून तिला धरणापर्यंत जाऊन यायचं होतं. पण हे कोणाला सांगणार? पोराला? त्याला हळदीतनं मान वर करायला सवड नाही. आणि सांगून सांगायचं काय, की तुझ्या बापाचा हात धरायचा राहिला?

सादिक फटफटीवरनं आला. त्यानं दांडा धरून हलवून बघितला. दांडा कढईतल्या झाऱ्यासारखा चहूकडं फिरला.

"याला हात लावू नको," गोजरबाई म्हणाली. "अकोल्याच्या मिस्त्रीनं लावलता."

"मंग काय झालं काकी?"

"महिनाभर त्याची फटफटी उलटीच चालायची. बायकोला माहेरी सोडाया निघाला तर मागं मागं जात घरातच परत आला."

"फटफटीला उलटा गेर नसतो काकी."

"म्हणून तर लोकं बघाया येत व्हते."

सादिकनं मान डोलावली, हकिगत आवडल्याचं तोंडावर दिसत होतं, आणि हातानं दांड्याभोवतीची चामड्याची टोपी काढणं चालूच होतं. त्याचा बाप अफरोजमिया, तोही मिस्त्रीच, दगडोबाचा दोस्त, म्हणून सादिक लहानपणापासनं या अंगणात असल्या हकिगतींवर वाढलेला. मग तो गाडीखाली शिरला. बराच वेळ फक्त त्याचे पाय दिसत होते. पाय हलायचे थांबले.

"भागवतभाऊ," खालनं आवाज आला, "याच्यात बुश न्हाईत."

भागवत वाकला. सादिकनं बॅटरीचा उजेड पाडून दाखवलं. दांडा खाली जिथं संपतो तिथं एक भोक आहे, त्यात पुढच्या सळईचा खिळा जातो. भोक आणि खिळा यांच्यामध्ये नायलॉनचं कडं बसवलेलं असतं, तेच बुश. ते असलं की दांडा घट्ट, नसलं की मोठ्या माणसाची अंगठी लेकराच्या बोटात घातल्यासारखं. असे दोन.

"झिजून गेले असतील," भागवत म्हणाला.

"झिजले असते तर तुकडा तरी राह्यला असता, भुकटी तरी. हितं साफ हाय. कोणीतरी काढून घेतलेत, आन वरचं लॉक, खिळा निसटू नये म्हणून घालतात ती तार, परत बराबर बसवलंय." सादिक बाहेर आला, हात पुसत राहिला, मग आवाज खाली करून म्हणाला, "त्या लॉकचं टोक आतल्या अंगाला मुरगाळलेलं हाय. असं अब्बाच मुरगाळायचे. दुसरं कोणी न्हाई."

भागवतच्या कपाळावर आठी पडली.

"म्हंजे अफरोजचाचानं चांगले बुश काढून घेतले? काहून?"

ते काहून फार वाईट पडलं. तसं म्हणायचं नव्हतं भागवतला, पण तोंडातनं गेलं. सादिकचा चेहरा उतरला. त्याचा बाप जाऊन बरीच सालं झाली होती आणि नाक्यावर अजून लोक त्याच्या इमानाची शपथ घालत होते. त्यानं पाना खाली ठेवला. अम्मीला घेऊन येतो, म्हणाला, आणि किक मारून गेला.

शालू भावावर उखडली. असं बोलतात का, म्हणाली, त्या घरचा शीरखुर्मा खाऊन मोठे झालो आपण. भागवत म्हणाला, मी काय बोललो? राजनंदिनी म्हणाली, "बोललात तुमी." नवऱ्याला असं तोंडावर बोललेलं तिला कोणी कधी ऐकलं नव्हतं. भागवतनं वळून बघितलं, तोवर ती चुलीकडं गेली होती.

गोजरबाईच्या मात्र ध्यानात भलतंच आलं होतं. गाडी दगडोबाच्या मर्जीविना गॅरेजात जाऊच शकत नव्हती.

सादिकची अम्मी खतीजाबी फटफटीवरनं उतरली, बाजेवर गोजरबाईच्या शेजारी बसली, आधी चहा मागवला. भागवतनं खाली बघत म्हटलं की चाची, माझ्या तोंडातनं उगाच गेलं. ती म्हणाली, जाऊ दे, लेकरू हाय. चहा संपवला. मग कमरेच्या नाड्याला बांधलेला चाव्यांचा जुडगा सोडला. त्या दोरीत चाव्यांच्या मधोमध दोन पांढरी कडी ओवलेली होती. वापरून वापरून गुळगुळीत झालेली. गोजरबाईनं ती हजार वेळा बघितली होती. चाव्या वाजू नयेत म्हणून असतील असं तिला वाटायचं.

खतीजाबीनं ती दोन कडी काढून गोजरबाईच्या पदरात टाकली.

"घे. अमानत व्हती. आमच्या मियाँनी मला दिली, तुझ्या मालकानं मियाँला दिली. मालक म्हणाले व्हते, मी हाय तवर गोजरला सांगायचं न्हाई. साल झालं त्यायला. आता माझ्यावरचं वझं उतरलं."

"काय सांगायचं न्हाई?"

"गाडी गॅरेजात आणली न् म्हणाले, अफरोज, गेर ढिला कर. मियाँ हसले. लोक घट्ट कराया येतात, तुमी ढिला काहून करता? तर म्हणाले, गेर घट्ट हाय तवर आमची आई गोजरला गाडीत बसू देणार न्हाई."

शालू पदर तोंडात घालून हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. भागवत जमिनीकडं बघत राहिला. सादिक उगाचच पान्यावरचं ग्रीस पुसत राहिला.

गोजरबाई कडी बोटानं फिरवत होती. फिरवता फिरवता म्हणाली, "आन आत्याबाई गेल्या त्याच्यानंतर? त्यायला जाऊनबी जमाना झाला. मंग काहून न्हाई बसवले?"

"आमच्यायनं इचारलं व्हतं. आता म्हातारी न्हाई, बसवू का म्हणून."

"मंग?"

"म्हणाले, बसवले तर ती हात कुठं ठेवंल?"

गोजरबाई ताडकन उठली. काय काय बोलली ती. उन्हाळ्यात त्या मुठीनं तळहात भाजायचा म्हणाली, घट्टे पडले म्हणाली, गाडी थांबेल म्हणून मी कधी डोळा लागू दिला नाही, आणि हे असं? गाडीला, अफरोजला, स्वर्गात बसलेल्या नवऱ्याला, सगळ्यांना एका दमात झोडपून ती शेडच्या मागं हळदीच्या ढिगाकडं निघून गेली. खतीजाबीनं बाकीच्यांना बसा म्हणून खूण केली आणि तिच्या मागं गेली.

गोजरबाई ढिगाच्या कडेला टेकली होती. ओल्या हळदीचा वास येत होता. खतीजाबीला वाटलं रडत असेल. बघते तर बाई हसत होती, आवाज न करता, खांदे हलवत.

"खतीजा, तुला येक सांगू? कोणाला सांगू नको."

"आता नवी अमानत ठेवाया दोरीत जागा हाय."

"तिसरा सुटत नव्हता गं. पहिले खाचखळगे व्हते तवा सुटायचा. डांबरी रस्ता झाला त्याच्यानंतर येकदाबी आपोआप सुटला न्हाई."

"मंग सुटला बघा, सुटला बघा म्हणायचीस ते?"

गोजरबाईनं उजव्या हाताची करंगळी उचलून दाखवली. "मी ढकलायचे. हळूच. मला वाटायचं, सुटत न्हाई हे त्यायच्या ध्यानात आलं तर म्हणतील, आता कशाला येती, घरी बस."

खतीजाबी इतकी हसली की तिला ढिगाला हात टेकावा लागला, आणि तळवा पिवळा झाला. दोघी म्हाताऱ्या पोरींसारख्या हसल्या. मग हसू ओसरलं. गोजरबाईनं नाक पुसलं.

"त्यायला कळलं असंल का गं?"

"मला काय ठावं बाई."

"ते मला फशीवत व्हते, मी त्यायला. इतकी सालं. कोणी येकानं तरी सांगितलं असतं तर..." ती थांबली. "तर येकदा सोबत हसलो असतो. एवढंच. माझं दुसरं काही राह्यलं न्हाई. हे येक हसायचं राह्यलं."

खतीजाबीनं गोजरबाईचा हात घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला, वरनं आपला हात ठेवला. पण तो हात लहान होता.

दोघी परत आल्या तेव्हा सादिक विचारत होता की लेथवर नवे बुश कातून आणू का, जुने चालतील, पण काकीला ठेवायचे असले तर ठेवू द्या. गोजरबाईनं दोन्ही कडी त्याच्या हातावर ठेवली.

"हेच बसव. न् घट्ट बसव."

सकाळपासनं अडून बसलेली बाई अशी कशी फिरली, कोणाला कळेना. पण तिला आता कळलं होतं की ती ढिलाई नशिबाची नव्हती, माणसानं मागून घेतली होती. मागून घेतलेलं परत करता येतं.

जुन्या नायलॉनला कडकपणा आला होता, भोकात शिरेना. सादिक म्हणाला, गरम पाण्यात टाकलं तर मऊ पडेल. चुलीवर हळदीची कढई उकळतच होती. राजनंदिनीनं कडी झाऱ्यात घेऊन त्यात बुडवली, आणि बाहेर काढली तेव्हा ती गर्द पिवळी झाली होती. हळद लागली बघा, शालू म्हणाली, आता मुहूर्त चुकवू नका. सादिकनं फडक्यात धरून गरम गरम दाबली, खिळा घातला, ग्रीस भरलं, लॉक बसवलं आणि त्याचं टोक आतल्या अंगाला मुरगाळलं. मग वर येऊन दांडा ओढला.

खट.

झारा नाही, डगमग नाही. पहिला, दुसरा, तिसरा, जिथल्या तिथं. गोजरबाईच्या काळजात प्रत्येक खट वाजला.

डॉक्टर यायच्या आत नाक्यापर्यंत एक चक्कर मारून बघा, सादिक म्हणाला. भागवतनं सीट पुसली, बसला, सादिकनं आणलेल्या बॅटरीवर गाडी चालू केली. मग त्यानं आईकडं बघितलं. सकाळचा नुसता गप्प माणूस तो आता वेगळाच गप्प दिसत होता.

"आई, ये. बस तू. नाक्यापर्यंत काहून, धरणापर्यंत जाऊ."

तिला जे हवं होतं ते असं दार उघडून समोर उभं राहिलं. गोजरबाई उठली. पदर खोचला. एक पाय आत टाकला. आणि रिकामे कप गोळा करत उभी असलेली राजनंदिनी तिला दिसली.

परवा नरसीला गेले होते सगळे, घरच्या पांढऱ्या जीपमधनं. पुढं भागवतच्या बाजूला गोजरबाई, कारण तिचे गुडघे. मागं राजनंदिनी, भांडी, नारळाची पिशवी, आणि जागा नाही म्हणून तोंड मागच्या काचेकडं. दरवेळी असंच. लग्न होऊन आली त्या सालापासनं असंच. भिकाबाईचा नियम होता, गोजरबाईचे गुडघे होते. सुनेला दोन्ही सारखेच.

गोजरबाईनं पाय बाहेर काढला.

"माझे गुडघे मुडपत न्हाईत एवढ्या खाली. नंदिनी, ते कप ठेव. तू बस."

"मी? आत्या, मला काय कळतं गाडीतलं?"

"कळायचं काय त्याच्यात. तिसरा सुटतो. तो धरायचा."

"काकी," सादिक म्हणाला, "आता काय सुटतोय, मी सोता..."

खतीजाबीनं त्याच्या हातात कप दिला. "चहा पी."

"अम्मी, कप रिकामा हाय."

"मंग रिकामा पी."

राजनंदिनी बिचकत बसली. गोजरबाईनं तिचा उजवा हात उचलून मुठीवर ठेवला, बोटं मिटवून दिली. "असा. न् काढायचा न्हाई. चौथा टाकताना त्याला काय करायचं ते तो करंल." भागवतनं आईकडं बघितलं. आईनं कोंबडीकडं बघितलं.

गाडी फाट्याला लागली. पहिला पडला, दुसरा पडला. तिसऱ्याचा खट इतक्या लांबूनसुद्धा गोजरबाईला ऐकू आला. तिची बोटं मिटली होती. वाऱ्यावरची धूळ खाली बसली, तरी ती उभीच होती.

डॉक्टर वेळेवर आले. गोजरबाईनं त्यांना बाजेवर बसवलं, नवाबाच्या नातवाची हकिगत सांगितली, मग पुराची, मग भिकाबाईच्या नथीची. डॉक्टरांनी तीनदा चहा घेतला. शालू दर घडीला फाट्याकडं बघून येत होती आणि भावाचा फोन लागत नव्हता. शेवटी दवाखान्यात पेशंट खोळंबलेत म्हणून डॉक्टर उठले. जाताना म्हणाले की आजी, गाडी नाही मिळाली तरी आलो ते बरं झालं.

दिवेलागणीला लाल गाडी आली. सादिक आईला न्यायला आला होता, तो पुढं झाला. राजनंदिनीच्या केसांच्या वाऱ्यानं झिंज्या करून टाकल्या होत्या, मांडीवर हरभऱ्याच्या टहाळाची जुडी होती, आणि ती कशावर तरी हसत होती. भागवतला बघून हसत होती. सिद्धेश्वरला गेलो होतो, म्हणाली, पाण्यावर केवढे बगळे होते आत्या.

"डॉक्टर येऊन गेले," शालू म्हणाली. "तुला काही लाज?"

भागवत गाडी बंद करून जागीच बसला होता. म्हणाला, "त्यायला फोन करतो. गेर अजून बराबर न्हाई म्हणून सांगतो."

सादिक उडालाच. "बराबर न्हाई? लोण्यासारखा पडून राहिला. काय बराबर न्हाई त्याच्यात?"

भागवतनं कोणाकडंच बघितलं नाही. कान मात्र लाल झाले होते, बापाचे व्हायचे तसे.

"तिसरा सुटतो," तो म्हणाला.

सादिकनं तोंड उघडलं आणि आईकडं बघून मिटलं. राजनंदिनी टहाळ घेऊन उतरली. ड्रमला गोठ्याच्या छपराखाली जागा करू म्हणाली, शेडच पाहिजे असं काही नाही. भागवत म्हणाला, व्हय, तसंच करू. दोघं बोलत बोलत घराकडं गेली. शालू त्यांच्या मागं, अजून बडबडत. खतीजाबी फटफटीवर बसताना गोजरबाईला म्हणाली, उद्या येते, आणि सादिकनं किक मारली.

अंगण मोकळं झालं. गोजरबाईनं इकडंतिकडं बघितलं. मग दुखऱ्या गुडघ्यांनी, हळूहळू, लाल गाडीच्या डाव्या सीटवर जाऊन बसली.

दांडा तिसऱ्यातच होता. तिनं मुठीवर हात ठेवला. मूठ अजून कोमट होती, नुकतेच हात काढल्यासारखी. तिनं नेहमीसारखी करंगळीनं हळूच ढकलून बघितली. हलली नाही. पुन्हा ढकलली. नाहीच.

"सुटला बघा," ती म्हणाली.

आणि हात तसाच ठेवून बसून राहिली.